दोघांची उतरण

त्या खोऱ्यात पाणी एकाच ठिकाणी होते, आणि ते सगळ्यांचे आहे असे सगळेच म्हणत असत.

खोऱ्याच्या मधोमध नदी वळण घेई, तिथे कातळात एक खोल डोह होता. उन्हाळ्यात नदीच्या पात्रात नुसती वाळू उरे, पण डोह आटत नसे. फार पूर्वी या पाण्यावरून एवढी कापाकापी झाली होती, की डोहाचा रंग पालटला आणि तहानेने मरणाऱ्यांनाही ते पाणी पिववेना. त्या कत्तलीतून सर्वांत कमी जखमा घेऊन जो बाहेर आला तो वाघ होता. त्याने डोहावरच्या खडकावर बसून कायदा सांगितला: पाण्यावर कुणी कुणाच्या अंगाला दात लावायचा नाही.

कायदा चांगला होता. मोडणाऱ्याला वाघ फाडत असे, म्हणून तो पाळला जाई. वाघ स्वतः तो कधीमधी मोडत असे, तेव्हा बाकीचे दुसरीकडे पाहत. डोहापासून हाकेच्या अंतरावर रान सुरू होई आणि त्या रानात वाघ उपाशी राहत नव्हता, हेही सर्वांना ठाऊक होते. तरी पूर्वीपेक्षा हे बरे, असे म्हणत पिढ्या गेल्या. त्या वंशातल्या प्रत्येक वाघाला खोरे ‘धनी’ म्हणत आले.

धन्याचे सागाचे रान आणि हत्तींचे बांबूचे बन यांच्यामध्ये कोवळ्या गवताची एक उतरण होती. तिथे चौशिंग्यांचा कळप राहत असे. चौशिंगा म्हणजे हरणासारखे लहानखुरे जनावर. नराच्या कपाळावर चार शिंगे असतात, पण चारी मिळून एका बऱ्या शिंगाची बरोबरी करत नाहीत. मादीला तीही नसतात. कळपाची पुढारी धायटी ही मादी होती, म्हणून तिचे सगळे बळ तिच्या जिभेवर होते. कोणाच्या कानात काय घालावे आणि कोणासमोर गप्प राहावे, हे ती आईच्या दुधाबरोबर शिकली होती. धन्यापुढे ती मान लववून बोले. हत्तींच्या पुढारी हत्तिणीला सगळे खोरे ‘आक्का’ म्हणे. तिच्यापुढे धायटी घरच्या लेकीसारखी बोले. कळप सुखात होता, आणि तो आपल्यामुळे सुखात आहे असे धायटीला वाटे. त्यात फारसे खोटेही नव्हते.

एका उन्हाळ्याच्या तोंडाशी रानकुत्र्यांच्या टोळीने भेकरांची घळ घेतली.

भेकरे धायटीच्या शेजारची. त्यांची घळ उतरणीला लागूनच होती. रानकुत्र्यांचा म्होरक्या तांबड्या म्हणून होता. एका कानाचा, हसऱ्या तोंडाचा. ही घळ आमच्या पूर्वजांची होती, असे तो बऱ्याच दिवसांपासून सांगत फिरत असे आणि लोक ते हसण्यावारी नेत. एका सकाळी टोळी घळीत उतरली. जी भेकरे वाचली ती धावत डोहावर गेली आणि खडकाखाली उभी राहून त्यांनी धन्याला हाक घातली.

धनी खडकावर उभा राहिला आणि त्याने डरकाळी फोडली. ती अशी होती की झाडांवरचे वानर खाली पडता पडता राहिले. घळीतली कुत्री क्षणभर थांबली. मग त्यांनी कान टवकारून वाट पाहिली. धनी खडकावरून उतरेल अशी सगळ्या खोऱ्याने वाट पाहिली. धनी उतरला नाही. त्याने दुसरी डरकाळी फोडली, पहिलीहून मोठी, आणि मग तो बसला.

कुत्री पुन्हा खायला लागली.

धायटी तेव्हा पाण्याच्या काठावर होती. धन्याची उजवी पुढची तंगडी खडकावर टेकताना किंचित थरथरते, हे तिने पाहिले. आपण पाहिले हे कुणाला कळू नये म्हणून तिने पाण्याकडे तोंड वळवले. पण डोहाच्या पलीकडे आक्का सोंड वर करून स्तब्ध उभी होती आणि तिची नजरही त्याच तंगडीवर होती.

त्यानंतर धन्याचे बोलणे बदलले. त्याने सर्व कळपांच्या पुढाऱ्यांना खडकाखाली बोलावले आणि सांगितले, “इतकी वर्षं मी हे पाणी राखलं. तुम्ही प्यालात आणि माझ्या पाठीमागे मला खादाड म्हणालात. आता राखण हवी असेल तर प्रत्येक कळपाने आपला वाटा इथे, खडकापाशी, आणून द्यायचा. मी रानात शिकारीला हिंडणार नाही.”

वाटा म्हणजे काय हे विचारायची गरज नव्हती. साळिंदरांची पुढारीण साळूमावशी काटे मिटून उभी होती. ससे तर असे उभे होते की जणू ते आलेच नाहीत. शेवटी धायटी पुढे झाली.

“धनी, आम्ही फुकट कधी प्यालो? रानातून येताजाता आमचं एक तरी कमी होतंच.”

“ते तुमच्या गाफीलपणामुळे,” धनी म्हणाला. “त्याला वाटा म्हणत नाहीत.”

“आणि भेकरांनी इतकी वर्षं दिलं, त्याचं काय झालं?”

धायटीला आपण फार पुढे गेलो हे कळले. धन्याने पंजा चाटला आणि तो तिच्याकडे न पाहता म्हणाला, “पटत नसेल तर पिऊ नका.”

त्याच आठवड्यात आक्का उतरणीवर आली.

हत्ती पूर्वी खोऱ्यात फार दिसत नसत. त्यांच्या बनात वाईट वर्षे होती. ते हाडांचे सापळे होऊन डोहावर येत आणि शेवटी पीत. आक्काने मुकाट्याने कळप वाढवला होता. आता तिच्यामागे चालणाऱ्या हत्तींची रांग संपता संपत नसे. तिच्या बोलण्यात मात्र कधी घाई नसे.

“पोरी,” ती धायटीला म्हणाली, “कुणाच्या खडकाखाली कशाला उभं राहायचं? वाळूखाली पाणी असतं. आम्हाला ते वासाने कळतं. तुमच्या उतरणीच्या पायथ्याशी झिरा काढून देते.”

“आणि त्याच्या बदल्यात, आक्का?”

“बदल्यात काय? माझ्या मुलांना डोहाकडे जायला जवळची वाट नाही. तुमच्या गवतातून गेली तर चालेल ना?”

धायटीने लगेच हो म्हटले नाही. ती त्याच संध्याकाळी धन्याकडे गेली आणि मान लववून म्हणाली, की हत्ती आम्हाला पाणी काढून देणार म्हणतात. आम्ही गरिबांनी काय करावे ते धन्यांनी सांगावे. धन्याच्या मिशा हलल्या. थोड्या वेळाने तो म्हणाला, की चौशिंगे जुने इमानी आहेत, त्यांचा वाटा माफ. मग धायटी आक्काकडे गेली आणि म्हणाली, की धन्याने वाटा माफ केला, तेव्हा झिऱ्याची तशी निकड नाही. पण वाट हवी असेल तर झिरा मोठा हवा. हत्तींनी पायांनी आणि सोंडांनी वाळू उपसून उतरणीच्या पायथ्याशी एवढा झिरा काढला की त्यात चौशिंग्यांची पोरे अंग बुडवू लागली.

त्या मोसमात खोऱ्यातला दुसरा कुठलाही कळप एवढा लठ्ठ झाला नाही. धायटीचा भाऊ खैऱ्या याला चारही शिंगे चांगली फुटली होती. तो सगळ्यांना सांगत फिरे, की माझ्या बहिणीने दोन डोंगरांना एकमेकांवर टेकवले आणि मधे सावली केली. धायटी त्याला गप्प बस म्हणे, पण तिला ते ऐकायला बरे वाटे.

याच दिवसांत एकदा साळूमावशी तिच्याकडे आली. आपल्या पोरांतून द्यायचा वाटा खडकापाशी पोहोचवून ती परतत होती. तिचे काटे अजून पुरते मिटले नव्हते.

“धायटे, एक विचार आहे,” ती म्हणाली. “तू, मी, ससे, भेकरं राहिलीत ती, वानरं, मोर. सगळ्यांनी एका वेळी डोहावर जायचं. एकाच वेळी प्यायचं आणि एकाच वेळी निघायचं. एवढ्यांना एकदम कोण काय करणार? धनीही नाही आणि हत्तीही नाहीत.”

धायटीने विचार केला. कल्पना वेडगळ नव्हती. पण सगळ्यांबरोबर गेले तर धनी विचारणार, वाटा माफ केला ते चौशिंगे साळिंदरांच्या रांगेत कसे. आक्काही विचारणार. शिवाय सशांचा काय भरवसा? पान वाजले की ते पळणार.

“मावशी, मला दोन्हीकडे तोंड राखायचं आहे,” ती म्हणाली. “तुमच्या बाजूने मी आतून शब्द टाकीन. ते जास्त उपयोगी पडेल.”

“तुला दोन्हीकडचं गवत मिळतं,” साळू म्हणाली, “आणि आम्हाला दोन्हीकडचे पाय. ठीक आहे.” ती काटे खुळखुळवत निघून गेली. धायटीने आतून शब्द टाकला नाही असे नाही. एकदा टाकला. धन्याने तो ऐकला नाही, आणि तिने पुन्हा टाकला नाही.

हत्तींची वाट सुरुवातीला पायवाट होती. मग ती गाडीवाटेएवढी झाली. पावसाळ्यानंतर तिच्या दोन्ही बाजूंचे गवत परत आलेच नाही, कारण हत्ती आता जाताना थांबू लागले होते. ते झिऱ्यावर उभे राहत, आधी स्वतः पीत, मग पाणी निवळेपर्यंत चौशिंगे बाजूला थांबत. धायटीने आक्काला हे गोडीने सांगून पाहिले.

“झिरा आम्हीच काढला ना, पोरी,” आक्का म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि धायटीला त्याचीच भीती वाटली.

दुसऱ्या बाजूला, सागाच्या रानाच्या कडेला, झाडांच्या बुंध्यांवर नखांचे ओरखडे दिसू लागले. दर थोड्या दिवसांनी ते एक झाड अलीकडे सरकत. एका सकाळी ते उतरणीवरच्या एकुलत्या आवळीवर दिसले. धनी तिथेच आडवा पडला होता.

“तुम्ही कुणाचे?” त्याने विचारले.

“आपलेच, धनी.”

“मग ते लोक इथून कसे जातात?”

“वाट जुनी आहे,” धायटी म्हणाली. ती खोटे बोलत होती आणि धन्याला ते कळत होते.

“पुढच्या वेळी त्यांचं पोर या वाटेवर दिसलं,” धनी उठत म्हणाला, “तर मी त्याला विचारीन वाट किती जुनी आहे.”

तिने ही धमकी आक्काला सांगितली नाही. सांगितली तर हत्ती राखणीला आणखी येतील, आणि नाही सांगितली तर कदाचित काहीच घडणार नाही, असा तिचा हिशेब होता. खैऱ्याला मात्र ती बोलली, कारण भावाला नाही सांगायचे तर कुणाला.

खैऱ्या तोवर निम्मा दिवस हत्तींबरोबर असे. त्यांच्या सावलीत चरे, त्यांनी मोडलेल्या फांद्यांची कोवळी पाने खाई. त्याचे चालणेही जड झाले होते.

“मग एकदाचं हत्तींचं म्हणून टाक,” तो म्हणाला. “त्या लंगड्याला किती दिवस धनी म्हणणार?”

“आणि उद्या हत्तींनी गवत संपवलं तर?”

“आक्का तसं करणार नाही.”

“तू आक्काला ओळखतोस, की तिच्या सावलीला?”

खैऱ्याने खूर आपटला. “ताई, तुला कुणाचंच व्हायचं नाही. तुला नुसतं मधे उभं राहायचं आहे. मधे उभं राहणाऱ्याला दोन्हीकडून लागतं.” तो बनाकडे निघून गेला आणि त्या दिवशी परतला नाही. धन्याचे शब्द आक्काच्या कानावर त्याच दिवशी गेले, हे धायटीला नंतर कळले.

तांबड्याही एकदा घळीच्या काठावर येऊन बसला. पलीकडे त्याची टोळी उन्हात लोळत होती. भेकरांच्या घळीत आता त्यांची पिल्ले जन्मली होती.

“दोघांची म्हणवणारी कुणाचीच नसते, बाई,” तो हसत म्हणाला. “तुला खरा शेजारी हवा असेल तर मी आहे. हत्तींच्या पिल्लांचे घोटे फार मऊ असतात. धन्याच्या त्या तंगडीचंही मला ठाऊक आहे. शब्द टाक फक्त.”

“शेजाऱ्यांचं तू काय करतोस ते मी पाहिलंय.”

“पाहिलंस, आणि पाणी प्यालीस,” तांबड्या म्हणाला. “मला दिसलं होतं.”

धायटी तिथून निघाली, तेव्हा मागून त्याचे हसणे बराच वेळ ऐकू येत होते.

मग डोहावर ते घडले.

उन्हाळा कडक होता आणि डोह, जो कधी आटला नव्हता, तोही काठापासून खाली गेला होता. आक्का सगळा कळप घेऊन आली. पूर्वी हत्ती पलीकडच्या काठाला थांबत. त्या दिवशी ते थेट पाण्यात उतरले आणि खडकाच्या पायथ्याशी जाऊन उभे राहिले. एका तरण्या हत्तीने खडकाला खांदा लावला. कदाचित त्याला नुसती पाठ खाजवायची असेल. खडक हलला. वर धनी होता.

धन्याने उडी घेतली ती तरण्या हत्तीवर नव्हे, त्याच्यामागे उभ्या असलेल्या पिल्लावर. पाण्यात एकदम फेस झाला आणि त्या फेसाचा रंग बदलला. हत्तींचा चीत्कार, वाघाची गुरगुर, चिखल, सोंडा. ज्यांना पळता आले ते पळाले. साळूचा धाकटा पायांखाली आला. कुणाच्या, ते कुणाला सांगता आले नाही. धनी निसटला, पण त्याच्या बरगड्यांवर सुळ्याची लांब चीर पडली होती. पिल्लू दुपारपर्यंत पाण्याच्या काठाला पडून होते आणि आक्का त्याला सोंडेने उभे करू पाहत होती. मग तिने सोंड काढून घेतली.

जिथे कुणी कुणाच्या अंगाला दात लावायचा नव्हता, ते हेच पाणी.

आता मोठे युद्ध होणार, असे प्रत्येक जण म्हणू लागला. वानरांनी वरच्या फांद्या धरल्या. तांबड्याने टोळी दुप्पट केली. धायटीने कळपातली पोरे दगडांच्या कपारीत लपवली आणि ती स्वतः रोज एकदा सागाच्या रानाच्या कडेला आणि एकदा बांबूच्या कडेला जाऊन उभी राहू लागली. दोन्हीकडे तिचे शब्द संपले होते. आक्का तिच्याकडे पाहत नव्हती. धनी झुडपात पडून जखम चाटत असे, आणि ती बोलू लागली की डोळे मिटून घेई. तिला झोप लागेनाशी झाली. खैऱ्याला निरोप पाठवला तर तो आला नाही. एवढ्या वर्षांत तिला पहिल्यांदाच बोलण्याचा कंटाळा आला.

युद्ध झाले नाही.

एके दिवशी भर उन्हात ती पाल्याच्या शोधात वर गेली होती. परत आली तेव्हा तिच्या उतरणीवर, आवळीखाली, धनी आणि आक्का उभे होते. समोरासमोर नव्हे, शेजारी शेजारी. जशा दोन शेजारणी बांधावर उभ्या राहून शेताकडे बघतात तसे. आक्काच्या डोळ्यांखालचा ओघळ अजून वाळला नव्हता. धन्याच्या बरगड्यांवर माश्या बसत होत्या. दोघे हळू आवाजात बोलत होते.

“आवळीपासून वरचं माझं,” धनी म्हणत होता.

“झिरा आणि खालचं आमचं,” आक्का म्हणाली. “कुत्र्यांना घळ राहू दे. त्यांच्या तोंडी कोण लागणार?”

“राहू दे.”

“आणि डोहाला दिवस वाटून घेऊ.”

“हे चौशिंगे?”

“त्यांना हवं तिकडे जाऊ दे. जबरदस्ती नको.”

धायटी तोपर्यंत जवळ आली होती. ती दोघांच्या मधे जाऊन उभी राहिली. जन्मभर ती तिथेच उभी राहिली होती.

“धनी, आक्का,” ती म्हणाली, “मी इथे उभी आहे.”

धन्याने खाली पाहिले. “दिसतेस,” तो म्हणाला.

मग त्या दोघांनी उतरणीकडे पुन्हा पाहिले आणि बोलणे जिथे थांबले होते तिथून पुढे चालू केले.

चौशिंग्यांचा कळप त्या संध्याकाळी फुटला. खैऱ्या बनातून येऊन अर्ध्यांना खाली झिऱ्याकडे घेऊन गेला. जाताना तो बहिणीजवळ थांबला आणि म्हणाला, “ताई, तू पण चल. आक्काने नाही म्हटलेलं नाही.” त्याच्या आवाजात पूर्वीची प्रौढी नव्हती, बहुधा त्यालाही तिथे नीट झोप लागत नव्हती. धायटीने मान हलवली. काही माद्या वर सागाच्या रानाकडे गेल्या, कारण त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय तीच होती. उरलेली मोजकी धायटीबरोबर कोरड्या नदीपात्रात उतरली, जिथे गवत नव्हते आणि म्हणून अजून कुणाचा हक्कही नव्हता.

करार पुढचा पाऊस येईपर्यंतही टिकला नाही. दिवस वाटून घेतले होते, पण आपल्या दिवशी डोह तळापर्यंत प्यावा म्हणजे दुसऱ्याच्या दिवशी त्याला काही उरू नये, हे दोघांनाही एकाच वेळी सुचले. हत्ती आपल्या दिवशी पाण्यात उभे राहून चिखल ढवळत. धनी आपल्या दिवशी काठाला मेलेले काहीबाही आणून टाकी. तांबड्याची टोळी दोघांच्याही दिवशी आत शिरे. शेवटी डोह म्हणजे कातळातला एक काळा चिखल झाला. त्यात पाय घालायचे धाडस कुणी करेना. खडक कलंडून चिखलात पडला होता आणि त्यावर कुणी बसत नव्हते.

झिरा कसा काढायचा हे आतापर्यंत सगळ्या खोऱ्याने हत्तींकडून पाहून घेतले होते. जो तो पात्रात उतरून आपापल्यापुरती वाळू उपसू लागला. ज्याला नखे होती त्याने नखांनी, ज्याला खूर होते त्याने खुरांनी. धायटीच्या कळपाने एक केला. तो फार खोल नव्हता, पण पाणी गोड होते. पहिल्या दिवशी तिच्या डोळ्यांत पाणी आले आणि तिने ते कळपाला दिसू दिले नाही.

मग तिला जे आधी सुचायला हवे होते ते सुचले. वाळूच्या उंचवट्यापलीकडे साळूमावशीने आपला झिरा काढला होता. धायटी एकटीच तिकडे गेली. साळू पाठमोरी उभी होती, सगळे काटे फुलवून, आणि तिच्या पायांत पाणी चमकत होते.

“मावशी,” धायटी लांबूनच म्हणाली, “तू त्या वेळी म्हणाली होतीस ते आता करू. दोन झिऱ्यांमधला वाळूचा बांध काढून टाकू. तू पिताना मी राखीन, मी पिताना तू राख.”

साळूने मागे वळून पाहिले नाही.

“आवाज ओळखीचा आहे म्हणून सांगते,” ती म्हणाली. “आणखी पुढे येऊ नकोस.”

“माझ्याकडे तर शिंगंही नाहीत.”

“जीभ आहे,” साळू म्हणाली. “माझा धाकटा गेला, तेव्हा तू दोन्हीकडे होतीस. कुणाच्या पायाखाली गेला ते मला कळलं नाही. मग मी सगळेच पाय दोषी धरले.”

धायटी थांबली. तिला बरेच काही सांगता आले असते. तेवढी जीभ तिच्याजवळ अजून होती. पण काट्यांच्या टोकांवर ऊन लकाकत होते आणि त्यांतले प्रत्येक टोक तिच्याकडे वळले होते. ती मागे पाऊल घेत घेत, पाठ न दाखवता, आपल्या झिऱ्याकडे परत आली.

ती दुपार फार तापली. पात्र या वळणापासून त्या वळणापर्यंत झिऱ्यांनी भरले होते. जवळ ओंजळीएवढे, लांब परातीएवढे, पलीकडे हत्तींचा तळ्याएवढा. प्रत्येक झिरा काठोकाठ भरला होता आणि प्रत्येकात आभाळाचा एकेक तुकडा स्थिर होता. प्रत्येकावर कुणीतरी उभे होते. वरच्या अंगाला धनी, बरगड्या मोजता येतील असा. त्याच्या समोर आक्का, सोंड वर गुंडाळलेली. मधे तांबड्या, जीभ छातीपर्यंत लोंबत असलेला. तो आता हसत नव्हता. पलीकडे खैऱ्या, त्याची चारही शिंगे पुढे. काटे फुलवलेली साळू. धायटी. सगळ्यांचे ओठ फुटले होते. पाणी पायांशी होते आणि समोरच्यावरची नजर काढून मान खाली घातल्याशिवाय ते पिता येत नव्हते. ऊन कलेपर्यंत सगळे एकमेकांकडे पाहत तसेच उभे राहिले, आणि साऱ्या पात्रात एकही मान खाली गेली नाही.